बिडकीनचे हिरवे बाण

महिन्याच्या सुरुवातीचे काही दिवस ऑफिसात माझ्या वाट्याला कोणी जात नसे. क्रांती चौकाजवळ एका चष्म्याच्या दुकानाच्या वर आमची जाहिरात एजन्सी आहे. शहरातल्या आणि आसपासच्या लहानमोठ्या धंद्यांच्या जाहिराती आम्ही लोकांच्या मोबाईलवर दाखवतो आणि महिना संपला की त्यांचं काय झालं याचा रिपोर्ट प्रत्येक क्लायंटला पाठवतो. जाहिरात किती लोकांनी पाहिली, किती जणांनी उघडली, किती जणांनी फोन केला. हे रिपोर्ट बनवणं माझं काम. एका खिडकीतून आकडा उचलायचा, दुसरीत चिकटवायचा, मागच्या महिन्याशी ताडून बघायचा, वाढला असेल तर हिरवा बाण वर, घटला असेल तर लाल बाण खाली, आणि शेवटी दोन ओळींचं भाष्य. त्या दिवसांत माझा चेहरा असा असायचा की चहा घेऊन येणारा माणूससुद्धा कप ठेवून मुकाट्यानं निघून जायचा. तो चेहरा मी थोडा मुद्दाम करायचो. माणूस त्रासलेला दिसला की महत्त्वाचा वाटतो.

मग मालकांनी ठरवलं की रिपोर्ट आपोआप व्हायला पाहिजेत. हे काम आमच्याकडच्या प्रोग्रामर मुलीकडं गेलं. ती शहागंजकडची, बोलणं सगळं आपल्या इथल्या हिंदीत. माझ्या टेबलाशी खुर्ची ओढून बसली आणि म्हणाली, "सर, तुम पहले क्या करते, फिर क्या करते, सब सीधा-सीधा बोलो मेरे को."

मी बोललो. आकडे उचलतो, चिकटवतो, ताडून बघतो, बाण लावतो, भाष्य लिहितो, पाठवतो. बोलून झाल्यावर माझं मलाच वाईट वाटलं. इतक्या वर्षांचं काम एका दमात संपलं होतं.

"बस? इतनाच? और कुछ नई करते?"

करत होतो. भाष्य लिहिण्याआधी मी प्रत्येक क्लायंटला फोन लावायचो. "काय म्हणतोय हा महिना?" एवढंच विचारायचं. मग समोरचा पाऊसपाण्यापासून सुरू व्हायचा आणि शेजारच्या दुकानदाराला शिव्या घालून थांबायचा. त्यात कुठंतरी त्या महिन्याची खरी गोष्ट सापडायची. पण मालक मागच्याच टेबलावर बसले होते. त्यांच्यादेखत 'मी क्लायंटशी गप्पा मारतो' हे कामाच्या पायऱ्यांमध्ये कसं सांगायचं? मी म्हणालो, "नाही. इतनाच."

तिनं माझे सगळे जुने रिपोर्ट मागून घेतले. माझं भाष्य वाचून प्रोग्रामनं माझ्यासारखंच लिहावं, अशी कल्पना होती. मला आतून बरं वाटलं. आपली शैली यंत्राला शिकवली जाणार म्हणजे काय थोडंथोडकं झालं? दोन दिवसांनी ती हसू दाबत आली.

"सर, एक बात पूछूँ? गुस्सा नक्को होना. आकडा बढा तो तुम लिखते, 'सणासुदीमुळे प्रतिसाद वाढला.' और कम हुआ तो?"

"तो?"

"'सणासुदीमुळे प्रतिसाद कमी झाला.'"

मी तिच्या हातातून कागद घेऊन पाहिला. खरंच होतं. सराफाच्या पेढीला सण, पंपाच्या दुकानाला सण, मुलींच्या वसतिगृहालाही सण. आमच्याकडं बारा महिने सणच चालू होते. गप्पांतून जी गोष्ट सापडायची ती मी पाठवण्याआधी फोनवरच बोलून मोकळा व्हायचो. लिहिताना मात्र हात आपोआप सणाकडं वळायचा. यंत्र यायच्या कितीतरी आधी मी स्वतःच यंत्र झालो होतो आणि याचा मला पत्ता नव्हता.

प्रोग्राम सुरू झाला. पहिल्या तारखेला मी ऑफिसात पोचलो तेव्हा रिपोर्ट क्लायंटच्या मोबाईलवर जाऊन पडले होते. एकही चूक नाही, एकही आकडा इकडचा तिकडं नाही. मी दिवसभर रिकामा बसलो. संध्याकाळपर्यंत त्रासलेला चेहरा कसा करायचा हेच विसरलो. मालक म्हणाले, "आता तुला विचार करायला वेळ मिळंल." वेळ मिळाला. मी तो नवीन जाहिराती सुचवण्यात घालवला, आणि एकदाही, अगदी सहज म्हणूनसुद्धा, आपोआप गेलेला रिपोर्ट उघडून वाचला नाही, की कुठल्या क्लायंटला फोन लावला नाही. मला वाटायचं, रिपोर्ट तसंही कोण वाचतं?

बिडकीनच्या डॉक्टरबाई वाचत होत्या. अगदी शेवटच्या ओळीपर्यंत.

या बाई फिजिओथेरपिस्ट. शहरातल्या एका हॉस्पिटलात नोकरी करायच्या. सासर बिडकीनचं. आसपास कंपन्या वाढल्या, दिवसभर उभं राहून, वजन उचलून माणसं कंबर धरून घरी यायला लागली, तेव्हा बाईंनी नोकरी सोडून मेन रोडलगतच्या एका गाळ्यात स्वतःचा दवाखाना टाकला. जाहिरात आमच्याकडं दिली. आधीच्या जाहिरातीत गुडघ्याचं चित्र होतं. मोकळ्या वेळात मला सुचलं की गुडघा काढून माणूस घालावा. कंपनीतला माणूस. डोक्यावर पिवळं हेल्मेट, दंडाशी घडी घातलेल्या बाह्या, तोंडभर हसू. वर मोठ्या अक्षरांत 'कंपनीत काम करणाऱ्यांसाठी खास' आणि खाली लहान अक्षरांत मान, कंबर, गुडघा वगैरे. चित्र बाईंना मोबाईलवर पाठवलं. त्यांनी अंगठा पाठवला. मी स्वतःवर खूश झालो.

आणखी एक अक्कल मी चालवली होती. प्रोग्रामर मुलीनं विचारलं होतं की आलेल्या फोनमधला कोणता खरा धरायचा. मी मोठ्या अधिकारानं सांगितलं, "जो लगेच ठेवतो तो चुकून लागलेला. जो बराच वेळ बोलतो, त्याला खरी गरज." तिनं तसा नियम घातला. लांब चाललेला फोन म्हणजे 'उत्तम चौकशी'. बिडकीनच्या रिपोर्टात महिन्यामागून महिना हिरवे बाण वर वर जायला लागले.

आणि एका सकाळी बाईंचा फोन आला. "सर, पुढच्या महिन्यापासून जाहिरात बंद करा."

"का हो मॅडम? उलट आता तर…"

"दवाखानाच बंद करतेय. जुन्या हॉस्पिटलनं परत बोलावलंय. आज संध्याकाळपर्यंत कळवायचंय, मी हो म्हणणार आहे."

मी घाईघाईनं त्यांचा रिपोर्ट उघडला. "मॅडम, पण बघा ना, केवढी वाढ आहे! सगळे बाण हिरवे आहेत."

"तेच बघून ठरवलं," त्या म्हणाल्या. आवाज चिडलेला नव्हता, तेच जास्त अवघड होतं. "इतकी माणसं फोन करतात, बराच वेळ बोलतात, सगळं विचारून घेतात आणि येत मात्र नाहीत. येणारे मोजकेच. जाहिरात चांगली आहे, फोन चांगले येतात असं तुम्हीच लिहिता. मग उरलं कोण? मीच ना? माझ्यातच काहीतरी कमी असणार." जरा थांबून त्यांनी विचारलं, "आणि हो, खाली तुम्ही लिहिलंय, सणासुदीमुळे प्रतिसाद उत्तम. सणामुळे लोकांची कंबर दुखते का हो?"

मी फोन ठेवला. मालकांना 'क्लायंट टिकवून येतो' म्हणालो आणि गाडी काढली. टिकवायला निघालो होतो हे खरंच आहे. त्यात उदात्त काही नव्हतं. पैठण रोडवर नक्षत्रवाडी ओलांडली, चितेगाव आलं, रस्त्याच्या कामाची धूळ नाकातोंडात गेली, आणि वाटेत मी बाईंना पटवायला वाक्यं जुळवत होतो. जाहिरातीवाल्याकडं वाक्यांची काय कमी?

दवाखान्याबाहेर एक बाक आणि त्याला लागून प्लास्टिकची खुर्ची. खुर्चीत बाईंचे सासरे बसले होते, हातात दवाखान्याचा मोबाईल. एसटीत कंट्रोलर होते, आता रिटायर. बाई पडद्याआड पेशंटजवळ होत्या आणि त्यांचे हात मोकळे नसत, म्हणून फोन घ्यायचं काम सासऱ्यांनी उचललं होतं. मला बाकावर बसवून त्यांनी पहिला प्रश्न टाकला.

"पाहुणे कोणत्या गावचे?"

"राहतो शहरातच. मूळ गाव करमाड."

"करमाड! करमाडात कोणाचे?"

मी आडनाव सांगितलं. मग वडिलांचं नाव, चुलत्याचं, मामाचं गाव, मामाच्या गावची मुक्कामी गाडी कोणत्या डेपोची होती, ती बंद का झाली. माझ्या अख्ख्या खानदानाचं वेळापत्रक काढून झाल्यावर ते उठले. "फोन बघा जरा. चहा सांगून येतो पलीकडं."

ते रस्ता ओलांडायच्या आत फोन वाजला. मी घसा साफ केला. ग्राहकाशी कसं बोलावं हे इतरांना शिकवणारा माणूस मी. "नमस्कार! बोला, काय मदत करू?"

"सर, काम हाय का?"

"हो हो, काम चालू आहे. तुम्हाला कुठं दुखतंय?"

"कुठं नाय सर. एकदम फिट हाय. कोणती बी शिफ्ट चालंल."

"शिफ्ट?"

"व्हय. आयटीआय झालंय, फिटर. तुमची जाहिरात बघितली ना, टोपीवाली. हेल्पर म्हणून घेतलं तरी चालतंय सर."

मी काहीतरी पुटपुटून फोन ठेवला. लगेच दुसरा. एक बाई होती. "बाबा नाहीत का? त्यांनी गुरुवारी परत फोन करायला सांगितलं होतं. भावाच्या कामाचं विचारून ठेवतो म्हणले होते."

"कोणतं काम, ताई?"

"कंपनीतलं. तुम्ही नवे आलात का तिथं?"

मी खिशातून माझा मोबाईल काढून ती जाहिरात उघडली. लोकांना दिसते तशी, लहान पडद्यावर. पिवळं हेल्मेट. हसणारा माणूस. 'कंपनीत काम करणाऱ्यांसाठी खास'. मान, कंबर आणि गुडघा पडद्याच्या खाली कापले गेले होते. उरला होता तो फोन करण्याचा बटणाएवढा चौकोन. ज्या भागात प्रत्येक घरात कोणी ना कोणी कंपनीत चिकटायची वाट बघतंय, तिथं मी हे चित्र महिनोन्महिने घरोघर पोचवलं होतं, आणि आलेल्या प्रत्येक फोनला उत्तम चौकशी म्हणून हिरवा बाण लावला होता.

सासरे चहा घेऊन आले. माझा चेहरा बघूनच त्यांनी ओळखलं असावं. कप हातात देऊन शेजारी टेकले.

"पोरांचे फोन आले का?"

"किती दिवसांपासून येतायत हे?"

"हळू बोला," पडद्याकडं बघत ते म्हणाले. "टोपीवालं चित्र आल्यापासून. लई येतेत."

"मग तुम्ही सांगत का नाही, हा दवाखाना आहे म्हणून?"

"सांगतो की. पण सांगून ठेवून द्यायचं? पोरगं एवढ्या आशेनं फोन लावतंय. मी विचारतो कोण, कुठला, काय शिकला. गावं सगळी माझ्या पायाखालची. कुठं ना कुठं वळख निघती. दोघातिघांना लावलं बी मी कामाला, चितेगावच्या कंपनीत आमच्या एका ड्रायव्हरचा पोरगा सुपरवायझर हाय."

म्हणजे आमच्या जाहिरातीला यश आलंच होतं. फक्त ते माझ्या रिपोर्टात मावणारं नव्हतं.

"पण सूनबाईंना एकदा तरी सांगायचं ना बाबा."

त्यांनी कप उचलला. बशीत चहा ओतला, तसाच धरून बसले. "सांगितलं असतं तर फोन काढून घेतला असता तिनं. तिचं बी बरोबर हाय, धंद्याचा फोन. पण साहेब, सारी नोकरी माझी स्टँडवर गेली. दिवसभर माणूस येऊन विचारायचं, मास्तर, गाडी कधी, फलाट कोणता. आता दिवसभर कोण विचारतंय मला?" मग माझ्याकडं न बघता म्हणाले, "तुम्ही नका बोलू. मीच बंद करतो आजपासून."

खरं सांगायचं तर हा सौदा मलाही सोयीचा होता. ते बोलणार नव्हते, मी बोलणार नव्हतो, हेल्मेट गुपचूप काढून गुडघा परत बसवला असता आणि कुणाला काही कळलं नसतं. पडद्यामागून बाईंचा आवाज येत होता. "अजून थोडं वर. श्वास सोडा. हां, दुखलं की सांगा, सोसू नका." संध्याकाळी त्या हॉस्पिटलला हो म्हणणार होत्या. एका माणसाचा आधार असलेला फोन आणि एका बाईचा स्वतःवरचा विश्वास, यांच्यामध्ये मी चहाचा कप धरून बसलो होतो.

मी विचारलं, "बाबा, खरोखर दुखणं सांगणारे फोन येतात का कधी?"

"येतेत की. अधनंमधनं."

"आणि ते लोक इथं येतात?"

ते माझ्याकडं वेड्याकडं बघावं तसे बघायला लागले. "न येऊन कुठं जातील? मी म्हणतो या, ते येतेत. गेल्या हप्त्यात एक वडवाळीचा माणूस आला, वाकलेला. परत जाताना सरळ गेला."

पेशंट बाहेर आला, चपला घालून गेला. पाठोपाठ बाई टॉवेलला हात पुसत आल्या. मला बघून म्हणाल्या, "सर, एवढ्या लांब कशाला आलात? मी ठरवलंय."

जुळवून आणलेलं एकही वाक्य मला आठवेना. मी मोबाईल त्यांच्यापुढं धरला. "मॅडम, ही जाहिरात कशाची वाटते?"

त्यांनी बघितलं. वेळ लागला नाही. "नोकरीची."

"ही तुमची आहे. मी केलीय."

"मला पाठवली होती ना तुम्ही?" त्यांनी कपाळाला हात लावला. "मी अंगठा दिला होता. दोन पेशंटच्या मधे. बघितलं कुठं होतं?"

मग मी सगळं सांगितलं. हेल्मेट माझं, लांब फोनचा नियम माझा, सणासुदीचं वाक्य तर फार जुनं आणि माझंच. येणारे बहुतेक फोन काम मागणाऱ्या पोरांचे आहेत, आणि बाबा त्यांच्याशी नीट बोलतात म्हणून ते लांबतात, एवढंच मी त्यांच्याबद्दल म्हणालो. 'नीट बोलतात' हे मी जरा जोर देऊन म्हणालो. म्हातारबुवा रस्त्याकडं तोंड करून बसले होते.

"बाबा?" बाई म्हणाल्या.

"व्हय."

"दुखण्याचे फोन किती असतात?"

"थोडे."

"आणि त्यातले येतात किती?"

"येतेत ना सगळे. एखादा नाय आला तर दुसऱ्या दिवशी मी लावतो त्याला फोन."

बाई बाकावर माझ्या शेजारी बसल्या. टॉवेल मांडीवर घेऊन त्याची घडी घातली, मोडली, परत घातली. मी माझ्या रिपोर्टात किती रकाने असतात ते मनात आठवत होतो. माणूस ज्या एका गोष्टीवर झोप घालवतो, तिच्यासाठी त्यात एकही नव्हता. थोडे विचारतात आणि जवळजवळ सगळे येतात. याला कोणता बाण लावायचा? वाढ नाही, घट नाही. एका बाईला तिचं काम येतं, एवढंच त्याचं म्हणणं.

"म्हणजे थोडेच विचारतात," त्या शेवटी म्हणाल्या.

"हो. थोडेच. ते खोटं कशाला सांगू?"

"दवाखाना थोड्यावर चालणं अवघडच आहे, सर."

"आहे."

"पण माझ्यामुळं नाही ते."

"नाही, मॅडम."

त्या उठल्या आणि सासऱ्यांसमोर हात पुढं केला. म्हातारबुवांनी फोन असा दिला, जणू ड्यूटी संपल्यावर कायमची शिट्टी जमा करतायत. बाईंनी नंबर लावला आणि दोन पावलं बाजूला जाऊन आमच्याकडं पाठ केली. रस्त्यानं ट्रक जात होते, त्यामुळं तुकडेच ऐकू येत होते. "नाही सर… हो, कल्पना आहे मला… नाही, सध्या नाही जमणार. इथंच बघते अजून काही दिवस… हो. थँक्यू."

त्यांनी फोन बंद केला. माझ्याकडं वळून म्हणाल्या, "टोपी आजच काढा. आणि खाली मोठ्या अक्षरात दवाखाना लिहा. दवाखाना, कळलं का?" आणि बोलता बोलता, न बघताच, फोन परत सासऱ्यांच्या हातात दिला. त्यांनी तो दोन्ही हातांनी घेतला.

मी काहीतरी छानसं बोलायच्या बेतात होतो. तेवढ्यात एक बाई नवऱ्याचा खांदा धरून हळूहळू पायरी चढताना दिसल्या. डॉक्टरबाईंनी माझ्या खांद्याला बोट लावलं.

"सर, उठा तिथनं. पेशंटला बसू द्या."